एक हात मागे

भावजी गेल्याचा फोन यायच्या आधी त्यांनी काढलेला फोटो आला. मी तेव्हा सांगलीला होते, भाच्याच्या मुलाच्या मुंजीत. मांडवात मातृभोजनाची गडबड, कुणाला पाट मिळेना, कुणाला वाटी, आणि तेवढ्यात माझ्या कमरेला खोचलेला फोन थरथरला. उघडून बघते तर आमची काशीची गच्ची. दूधविनायकाच्या गल्लीतलं आमचं घर, सकाळचं कोवळं ऊन, कठड्यापलीकडे गंगेची पांढरी रेघ, आणि मधोमध आमचं दोन माणसांचं लाकडी बाकडं. बाकड्यावर कुणी नाही. बाकडं अस्पष्ट, धुक्यात ठेवल्यासारखं. पण त्याच्या मागे, साधारण हातभर अंतरावर, तांबड्या फरशीचा एक पट्टा मात्र इतका लख्ख की सांध्यांतला चुना दिसावा. खाली एक अक्षर लिहिलेलं नाही. आमच्या फोटोंच्या ग्रुपचा नियम असा, की फोटो पाहिला की नजर पहिल्यांदा कुठे थांबली ते सांगायचं. पण मी मेली अशी, तुपाच्या हातांनी लिहिलं, "भावजी, बाकडं पुसून घ्या, इथूनसुद्धा धूळ दिसतेय." त्यांनी ते वाचल्याची खूणही आली. मग बटूची भिक्षावळ झाली, मी पानावर बसले, आणि मानसीचा फोन आला. मानसी म्हणजे अकोल्याहून बदलून आलेली, आमच्याच गल्लीत राहणारी बँकेतली मुलगी. तिने तुटक तुटक सांगितलं. भावजी नेहमीप्रमाणे काशीच्या पंचगंगा घाटावर गेले, पायरीवर टेकून बसले, आणि छोटेलाल नाववाल्याला वाटलं की डुलकी लागलीय... मानसीने एक गोष्ट मात्र दोनदा सांगितली. "काकू, कॅमेरा घरीच होता. खुंटीवर." हातात कॅमेरा असल्याशिवाय हा माणूस दूध आणायलासुद्धा जात नसे.

मुकुंदभावजी माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही, रेल्वेच्या सिग्नल खात्यात नोकरी केली, आणि निवृत्त झाल्यावर लोक गीता वाचतात तसा यांनी कॅमेरा घेतला. तोही साधा नाही, रेंजफाइंडर. डिजिटलच, पण दिसायला आजोबांच्या काळातला, पितळेचा वजनदार डबा. त्याला एक जुनं भिंग, धातूचं, फिरवलं की लोण्यासारखं सरकणारं. मी नवलाने बघायला गेले तर म्हणाले, "वहिनी, यातली गंमत अशी की आपण भिंगातून बघतच नाही. वर ही वेगळी खिडकी. हिच्या मधोमध एक उजळ चौकोन आहे बघा. त्यात प्रत्येक वस्तू दोनदा दिसते. रिंग फिरवत जायची, दोन्ही प्रतिमा एकमेकींवर आल्या की थांबायचं. तेवढंच अंतर स्पष्ट येणार, बाकी सगळं विरघळणार." मी डोळा लावला. समोर आमचे हे चहा पीत बसलेले, आणि त्यांच्या नाकाशेजारी आणखी एक नाक. मी म्हटलं, "अगं बाई, एक सांभाळताना नाकी नऊ आले, आणि इथे दोन दोन!" तिघंही हसलो. हे म्हणजे माझे यजमान, पाठशाळेत संस्कृत शिकवायचे. कमी बोलायचे, पण बोलले की नेम चुकायचा नाही.

कॅमेऱ्याच्या मागचा पडदा भावजींनी काळ्या पट्टीने बंद करून टाकला होता. काढलेला फोटो लगेच बघणं म्हणजे कुकरचं झाकण सारखं उघडणं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे पहिल्याच महिन्यात हात दाखवून अवलक्षण झालं. आमच्याकडे सत्यनारायण होता. भावजींनी संकल्पापासून आरतीपर्यंत फोटो काढले, गुडघ्यावर बसून, खुर्चीवर चढून, गुरुजींना दोनदा तीर्थ द्यायला लावून. आणि भिंगावरचं झाकण काढायला विसरले! खिडकी वेगळी, भिंग वेगळं, त्यामुळे खिडकीतून पूजा अगदी झकास दिसत होती. ही चूक फक्त रेंजफाइंडरवाले करतात, असं ते पुढे मोठ्या अभिमानाने सांगायचे. रविवारी तिवारीजी आपला प्रोजेक्टर घेऊन आले. तिवारीजी म्हणजे भावजींचे मित्र, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. भिंतीवर फोटो लागले. काळा. पुढचा काळा. त्याच्या पुढचा काळा. भावजींचा चेहरा बघवेना. तेव्हा आमचे हे शांतपणे उठले, भिंतीजवळ गेले, त्या मिट्ट काळोखावर एका जागी बोट ठेवलं आणि म्हणाले, "मुकुंदा, माझी नजर इथे थांबली. गर्दी बरीच दिसतेय रे." हसून हसून पोट दुखलं तेव्हा. आता ते बोट आठवलं की हसू येत नाही.

त्या दिवसापासून आमच्या रविवारची रीत पडली. सकाळी कोपऱ्यावरची कचौडी-जिलबी, मग आतल्या खोलीच्या खिडक्यांवर घोंगड्या टाकून काळोख करायचा, आणि ज्याने त्याने काढलेले फोटो भिंतीवर. कुणाचा आहे ते आधी सांगायचं नाही. "छान" म्हणायला बंदी. "छान म्हणायचं असेल तर चहा पिऊन घरी जा," असं भावजी तोंडावर सांगायचे. फक्त उठून भिंतीपाशी जायचं आणि नजर कुठे थांबली तिथे बोट ठेवायचं. ऐकायला पोरकट वाटतं, पण करून बघा. माणूस काय बघतो ते त्या बोटावरून कळतं. तिवारीजींचं बोट नेहमी उजेडावर. मानसीचं हातांवर. माझं, मी कशाला लपवू, कुणाच्या तरी न धुतलेल्या भांड्यावर किंवा फाटक्या पदरावर.

हे गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. झोपेतच गेले, कुणाला त्रास दिला नाही, मलासुद्धा सांगितलं नाही. पहिल्या कार्तिकात मी त्यांच्या नावाने पंचगंगा घाटावर आकाशदीप लावला. बांबूच्या शेंड्याला वेताची टोपली, टोपलीत दिवा, दोरीने वर चढवायचा, म्हणजे पितरांना वाट दिसते. संध्याकाळी मी दोरी ओढत होते आणि भावजी खालच्या पायरीवरून फोटो काढत होते. रविवारी तो भिंतीवर लागला. दिवा अस्पष्ट. मी अस्पष्ट, पांढरं पातळ नेसलेली वाफ जणू. पण माझ्या मागची एक पायरी, जिच्यावर कुणी नव्हतं, ती अशी स्पष्ट की दगडाचे टवके मोजावेत. तिच्यावर थोडी ओल होती. चौघांची चार बोटं त्याच पायरीवर गेली. मी म्हटलं, "घाटावर ओल नसेल तर काय असेल? भावजी, फोकस चुकलाय तुमचा, कबूल करा."  भावजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

इथे एक सांगायला हवं. पंचगंगेच्या पायऱ्या म्हणजे सरळ भिंतच, वरच्या मशिदीच्या पायथ्यापासून पाण्यापर्यंत उतरलेल्या. आम्ही रोज पहाटे स्नानाला जायचो, आणि परत चढताना हे कधी माझ्या पुढे चालले नाहीत, कधी शेजारीही नाहीत. कायम मागे, एक हात अंतर राखून. माझा पाय घसरला तर धरता यावं म्हणून. एवढ्या वर्षांत मी एकदाही घसरले नाही, आणि त्यांनी एकदाही ते अंतर सोडलं नाही.

मग ते सुरूच झालं. भावजी माझे फोटो काढायचे तो प्रत्येक फोटो असाच. आणि मला तर फोटो हवा होता! आता कशासाठी ते स्पष्टच सांगते. बैठकीत यांचा हार घातलेला फोटो आहे, त्याच्या शेजारी खिळा मारून ठेवलाय. माझी पाळी आली की मुलीने मोबाइलमधला कुठला तरी लग्नातला, तोंडात घास असलेला फोटो मोठा करून लावू नये, एवढीच माझी इच्छा. यांच्या शेजारी शोभेल असा एक धड फोटो. त्यासाठी मी गच्चीवर बाकड्यावर बसायची, पदर नीट करून, आणि भावजी कठड्यावर कोपर टेकून रिंग फिरवायचे. फिरवायचे, थांबायचे, पुन्हा फिरवायचे. मग ठरलेलं वाक्य यायचं, "वहिनी, बाकडं जरा मागे घेता? एक हात मागे सरा." आणि मी ठरल्याप्रमाणे नाही म्हणायची. मागे निंबाची सावली पडते, तोंडावर कवडसे येतात, देवी आलेल्या बाईसारखी दिसते मी. "मी नाही सरत. तुमच्या रिंगला सांगा पुढे यायला." भावजी हसायचे, खटका दाबायचे. रविवारी भिंतीवर मी धुरकट, आणि माझ्या मागे हातभर, रिकाम्या फरशीचा पट्टा लख्ख. एकदा त्या पट्ट्यावर निंबाचं वाळकं पान पडलं होतं, त्याच्या शिरासुद्धा आल्या होत्या. माझे डोळे मात्र कुठे आहेत ते शोधावं लागत होतं.

मी गप्प बसणारी नाही. डोळ्यांत मोतीबिंदू असणार म्हणून भावजींच्या मागे लागले, अक्षरशः रडकुंडीला आणलं, तेव्हा त्यांनी ऑपरेशन करून घेतलं. हिरवी पट्टी निघाल्यावर पहिला फोटो माझाच काढला. तोही तसाच. मग मी कॅमेऱ्याला बोल लावला. तिवारीजींनी सांगितलं की आतली जुळणी हलली तर असं होऊ शकतं, तपासून बघू. त्यांनी बाकड्यावर वर्तमानपत्र तिरकं लावलं, एका ओळीवर खूण केली, आणि भावजींना तिच्यावर जुळवायला सांगितलं. भिंतीवर बघितलं तर तीच ओळ सुईसारखी स्पष्ट. त्याच दिवशी, त्याच बाकड्यावर मानसीचा फोटो काढला. मानसीच्या पापण्या मोजून घ्या! ती खूश होऊन म्हणाली, "बघा काकू, माझा बरोबर आला. माझ्या मागे कुणी नाही ना..." आणि बोलता बोलता थांबली.  तिवारीजी हळूच म्हणाले, "कैमरा ठीक है, भाभीजी. पर एक बात समझ में नहीं आती. हवा पर तो फोकस होता ही नहीं. दो छवियाँ मिलाने के लिए सामने कुछ चाहिए." शिकवणाऱ्या माणसाचं वाक्य, साधंसुधं. पण त्या रात्री मी ह्यांच्या फोटोसमोरचा दिवा मालवला नाही, हे खरं आहे.

छोटेलालच्या बाबतीतही तेच झालं. भावजींनी त्याचा नाव वल्हवताना फोटो काढला. छोटेलाल अस्पष्ट, आणि नावेची मागची फळी स्वच्छ. त्या फळीवर त्याचे वडील बसायचे, सुकाणू धरून. ते वारल्यापासून तिथे तो कुणा यात्रेकरूला बसू देत नाही. त्याने फोटो पाहिला, "धुंधला है" वगैरे काही म्हणाला नाही. फोटोतल्या फळीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "बाबूजी, एक हमको भी मिलेगा?" अजून त्याच्या घरात देवाजवळ आहे तो.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. काशीत राहून ठेवायचा म्हटलं तर घराबाहेर पडायलाच नको. पण एकदा दुपारच्या चहाला मी भावजींना गाठलंच. "खरं सांगा, काय जुळवता तुम्ही तिथे?" त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली. "वहिनी, खिडकीत सगळं दोनदा दिसतं. मी रिंग फिरवत फिरवत नेतो. एका जागी दोहोंचं एक होतं. तिथे मी थांबतो."

"अहो, पण तिथे आहे काय?"

"जुळतं, एवढं खरं."

"ह्यांना सांगा म्हणावं, पुढे या, चहा घ्या!" मी रागाने बोलून गेले. मला चिडायला काही लागत नाही, आणि भीती वाटली की मी आधी चिडतेच. भावजी हसले नाहीत. कप खाली ठेवून म्हणाले, "तुम्ही फक्त फोटोच्या वेळी मागे वळून बघू नका. फोटो हलतो." एवढंच. त्यानंतर पंचगंगेच्या पायऱ्या चढताना मी कधी मागे बघितलं नाही. आधीही बघत नव्हते म्हणा, पण आधी बघावंसं वाटत नव्हतं.

भावजींच्या तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. गंमत बघा, आयुष्यभर दुसऱ्यांचे फोटो काढणाऱ्या या माणसाचा स्वतःचा एक फोटो घरात सापडेना. शेवटी रेल्वेच्या पासावरचा मोठा करून आणला. त्यात भावजी पकडलेल्या चोरासारखे दिसतात. मी त्यांच्यासमोर उभी राहून म्हटलं, "आता कळलं, मी एका धड फोटोसाठी का जीव टाकत होते?" आणि मग रडले. खूप रडले. हे गेले तेव्हा रडायला भावजी समोर होते, आता समोर कुणी नव्हतं.

पाहुणे पांगले, त्यानंतरच्या रविवारी तिवारीजी आणि मानसी आले. नेहमीसारखी कचौडी आणली, कुणी खाल्ली नाही. तिवारीजींनी खुंटीवरचा कॅमेरा काढला. बॅटरी आत राहिली तर खराब होते, म्हणाले. मग भिंग नीट ठेवायचं म्हणून रिंग पार दूरच्या टोकाला फिरवायला बोट नेत म्हणाले, "इसे अनंत पर कर देता हूँ, रखने का यही कायदा है." मी अशी ओरडले की मानसीच्या हातातला कप हिंदकळला. "हात नाही लावायचा रिंगला!" तिवारीजींना सगळे मराठी शब्द कळले नसतील, पण ओरडणं कळलं. त्या रिंगवर भावजींची शेवटची बोटं होती. ज्या जागी त्यांचं जुळलं होतं, ती जागा अजून त्या रिंगवर तशीच होती. त्या सकाळी रिकाम्या बाकड्यामागे त्यांनी ती शोधली, फोटो पाठवला, कॅमेरा खुंटीला लावला आणि रिकाम्या हाताने घाटावर गेले.

मी दोघांना गच्चीवर नेलं. तिवारीजींना म्हटलं, बाकडं मागे ओढा. हातभर. बरोबर त्या पट्ट्यावर. निंबाची सावली होतीच, असू दे. पदर नीट केला आणि बाकड्याच्या मधोमध बसले. मानसीने कठड्यावर तिथेच कोपर टेकले जिथे भावजी टेकायचे. त्या जागेचा चुना झिजलाय. रिंग फिरवायची नाही, असं मी बजावलं होतं. तिने खिडकीला डोळा लावला आणि जरा वेळाने बारीक आवाजात म्हणाली, "काकू, जुळलंय. आधीपासूनच जुळलंय." मग तो ओळखीचा छोटासा खटका. मी मागे बघितलं नाही.

आत घोंगड्या टाकल्या, फोटो भिंतीवर लागला. मी आले होते. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मी मला स्पष्ट दिसले. सुरकुती न् सुरकुती, हनुवटीवरचा तीळ, पातळाच्या काठाचा सुटलेला धागा, गालावर निंबाचे कवडसे. आणि तसे काही वाईट दिसत नव्हते ते कवडसे. मी म्हटलं, "रीत मोडायची नाही. बोटं ठेवा." मानसी उठली. तिने बोट माझ्यावर ठेवलं नाही. माझ्या शेजारी, बाकड्याच्या उजव्या अर्ध्या भागावर ठेवलं, जिथे कुणी नव्हतं. तिवारीजी उठले, त्यांनीही तिथेच. मग मानसी म्हणाली, "काकू, तुम्ही इतक्या टोकाला का सरकलात?" तेव्हा माझ्या लक्षात आलं. फोटोत मी बाकड्याच्या पार डाव्या टोकाला होते, अंग चोरून, कुणाला तरी जागा करून दिल्यासारखी. मी मधोमध बसले होते. तिवारीजींनी बघितलं होतं, मानसीने खिडकीतून बघितलं होतं. "खिडकीत तर मधोमध होतात," ती म्हणाली, आणि तिने माझा हात धरला. माझा हात गरम होता, तिचाच गार पडला होता.

हा फोटो मी फ्रेम करायला दिला. फ्रेमवाल्याने पट्टी लावून मोजला आणि विचारलं, "माताजी, ये बगल वाला हिस्सा काट दें? इधर तो कोई है नहीं." मी त्याला असं काही सुनावलं की बिचारा हात जोडून उभा राहिला. कापू दिलं नाही. फ्रेम कपाटात आहे, मुलीला सांगून ठेवलंय, खिळा मारलेलाच आहे. फक्त आता वाटतं की ह्यांचा जुना फोटो शेजारी लावायची गरज पडणार नाही.

कॅमेरा खुंटीवर आहे. त्याला कुणी हात लावत नाही. रोज सकाळी मी गच्चीवर जाते आणि बाकडं पुसते. पूर्ण पुसते, उजवी बाजूसुद्धा. मग डाव्या टोकाला बसते, कठड्यावरच्या त्या झिजलेल्या चुन्याकडे बघते आणि मोठ्याने सांगते, कारण भावजींना शेवटी शेवटी कमी ऐकू यायचं... सरले हो भावजी. एक हात मागे सरले.